गाडीत शिरणाऱ्या पाण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गळतीचे कारण न शोधता तीनदा केलेली दुरुस्ती

महोदय,

पाण्याच्या गळतीसाठी माझी गाडी तुमच्या सर्व्हिस सेंटरला तीनदा येऊन गेली. तिन्ही जॉबकार्डांवर ‘काम पूर्ण’ असा शेरा आहे. आजही ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचे कार्पेट दाबले की बोटांमधून पाणी वर येते.

पहिल्या खेपेला एसीचा ड्रेन पाइप साफ केला. एसी लावला नाही तरी नुसत्या पावसात उभी राहून गाडी आतून भिजते, हे मी तेव्हाच सांगितले होते. ते जॉबकार्डावर लिहूनही घेतले नाही. दुसऱ्या खेपेला पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फासले, तिसऱ्या खेपेला दाराचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदलले. पाणी नेमके कुठून येते हे पाहण्यासाठी गाडीवर एकदाही पाणी सोडून बघितले नाही, असे तुमच्याच मेकॅनिकने मला सांगितले.

शेवटी मीच एक सुट्टी घालवली. कार्पेट उचलून आतला भाग कोरडा केला, दाराच्या आतल्या पॅडच्या खालच्या कडेला आणि उंबऱ्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. पत्नी टॉर्च घेऊन आत बसली. मी नळीने, जोर न लावता, खालून वर एकेका भागावर पाच-पाच मिनिटे पाणी सोडत गेलो. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. उंबऱ्यापाशी काही नाही, बिजागरीपाशी काही नाही. दाराच्या काचेवर पाणी सोडले आणि दोनच मिनिटांत आतून हाक आली. पॅडच्या खालून एक बारीक रेघ पावडर भिजवत उंबऱ्यावरून कार्पेटकडे निघाली होती.

पॅड काढला. काचेच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. ते तळाच्या भोकांतून बाहेर जावे आणि आत येऊ नये, यासाठी पॅडमागे प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. भोके मोकळी होती. पडद्याचा खालचा कोपरा मात्र सुटून लोंबत होता, त्याच्या काळ्या डिंकावर धूळ बसली होती आणि वर खोक्यांना लावतात तशा चिकटपट्टीचे दोन तुकडे होते. याच दाराची काच वर-खाली करणारी मोटर चार महिन्यांपूर्वी तुमच्याकडे बदलली आहे. त्यानंतर हा पॅड दुसऱ्या कोणी उघडलेला नाही. फोटो सोबत जोडले आहेत.

चूक होऊ शकते, हे मी समजू शकतो. पण आपलीच चूक असताना तीनदा भलत्याच कामाचे पैसे घेतले, याचा मला मनापासून राग आला आहे. त्या काळात कार्पेटखालचा फोम पाणी पीत राहिला. वरून कोरडा वाटतो, उचलला की कुबट वास येतो. सीटखालून एअरबॅगच्या वायरी जातात. त्यांचे जोड गंजले तर जबाबदारी कोणाची?

नवा पडदा योग्य डिंकाने बसवून माझ्यासमोर पाणी सोडून दाखवावे. भिजलेला फोम बदलावा. सीटखालचे वायरिंगचे जोड आणि फ्लोअरचा पत्रा तपासून लेखी अहवाल द्यावा. तिन्ही बिलांची रक्कम परत करावी. गाडी पुन्हा आणून सोडण्याआधी मला आठ दिवसांत या चारही गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: तीन जॉबकार्डे, मोटर बदलल्याचे बिल, फोटो