स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सांभाळणाऱ्यांना विसावा हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनानिमित्त, स्मृतिभ्रंशाच्या लक्षणांविषयी बरेच छापून येते. ते यायलाच हवे. परंतु निदान झाल्यावर पुढची कित्येक वर्षे त्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठीपुढच्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शंभरातील सात जणांना, हा विकार आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो.

हा सांभाळ म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. रुग्ण हिंडता-फिरता असतो, त्यामुळे पाहुण्यांना 'वयोमानाने थोडे विसरतात इतकेच' असे वाटते; मात्र दिवेलागणीला हीच व्यक्ती स्वतःच्या घरात बसून 'मला घरी सोडा' म्हणत दाराशी जाते, रात्री दोनला आंघोळीचे पाणी मागते आणि पाकीट सापडले नाही की चोरीचा आळ घेते तो नेमका सेवा करणाऱ्या सुनेवर किंवा मुलीवर. ब्युरोमार्फत आया ठेवावी, तर तिचा महिन्याचा खर्च सामान्य निवृत्तिवेतनात बसत नाही.

आयुष्मान भारत योजनेत २०२४पासून सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, तर या आजारातला मोठा खर्च डायपर, मदतनीस आणि सुटलेली नोकरी यांवर होतो. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा जबाबदारी टाळणाऱ्या मुलांना जाब विचारतो. ती निमूटपणे पेलणाऱ्यांसाठी त्यात काही नाही. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मनमोकळे बोलता येते, त्याचा उपयोग जरूर करावा, मात्र फोनवरच्या धीराने अपुरी झोप भरून निघत नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. महापालिकांच्या विरंगुळा केंद्रांपैकी प्रत्येक प्रभागात निदान एका ठिकाणी, आठवड्यातून काही दिवस, सकाळी दहा ते चार या वेळेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळी खोली असावी. तेथे दोन प्रशिक्षित मदतनीस, कडी लागणारे फाटक, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि ने-आण करणारे वाहन एवढे पुरे. वाहन नसेल तर मात्र सारे व्यर्थ, कारण अशा व्यक्तीला रिक्षात बसवणे हेच अर्ध्या दिवसाचे काम असते. ग्रामीण भागात हे जमणार नाही. तेथे आशा सेविकांना या विकाराचे प्रशिक्षण व त्याचा स्वतंत्र मोबदला द्यावा, आणि घरभेटीत रुग्णाबरोबर सांभाळणारीचाही रक्तदाब तपासला जावा. शहरांतील केंद्रांसाठी परवडेल असे शुल्क आकारायलाही हरकत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी ही मागणी आपापल्या प्रभाग कार्यालयात लेखी द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे