घरचा नेब्युलायझर आणि केमो

मा. संपादक,

‘केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) आता वाफेतून, सुईची गरजच नाही’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो वाचून आमच्या वाड्यावरच्या एका वहिनींनी मला विचारलं, “नातवाच्या दम्याचं मशीन घरात आहेच, त्यातून ह्यांना केमो देता येईल का?” त्यांच्या यजमानांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. हाच प्रश्न आणखी घरांतही पडला असेल, म्हणून लिहिते.

घरच्या नेब्युलायझरमध्ये, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं करून देणाऱ्या मशीनमध्ये, केमोचं औषध कधीही घालू नका. रुग्णाने ओढलेल्या वाफेतला काही भाग श्वासाबरोबर बाहेर येतो आणि खोलीतली सगळी माणसं तीच हवा घेतात. घरात लहान मूल किंवा गरोदर सून असली तर धोका किती, याचा विचार करा. वॉर्डात ही औषधं हाताळताना आम्ही परिचारिका हातमोज्यांवर हातमोजे घालायचो, अंगात गाऊन, तोंडाला मास्क. अशा वाफेच्या चाचण्या होतात तिथे बाहेर पडणारा श्वास फिल्टरमधून जावा आणि खोलीतली हवा बाहेर पसरू नये, याची व्यवस्था करावी लागते.

कल्पना मात्र खोटी नाही. शिरेतून दिलेलं औषध अंगभर फिरतं, फुफ्फुसाच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं एक औषध मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून बरोबर सलाईनच्या बाटल्या चढवाव्या लागतात. काही फेऱ्यांनंतर हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक होतात आणि आपण सुई हातात घेतली की रुग्ण स्वतःच दुसरा हात पुढे करतो. हे पाहिलेल्या माणसाला वाफेचं मोल सांगावं लागत नाही. अमेरिकेत २०१३ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात इंजेक्शनने दिलेल्या औषधाचा २३ टक्के भाग फुफ्फुसात पोचला, श्वासातून दिल्यावर ८३ टक्के.

पण ते उंदीर होते. माणसांवर सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन अशी औषधं श्वासातून देऊन पाहिली गेली आहेत. या चाचण्या लहान होत्या. खोकला, धाप, श्वासनळ्या आवळणं असे त्रास दिसले. वाफेतले थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवेत, नाहीतर ते घशातच अडकतात. गाठीने नळी बुजली असेल तर वाफ तिथवर जातच नाही. आणि रोग यकृतात किंवा मेंदूत पसरला असेल तर तिथे ही वाफ काय करणार? नेहमीच्या उपचारात ही पद्धत अजून आलेली नाही.

मला भीती आहे ती चालू केमो अर्ध्यावर सोडणाऱ्यांची. गोव्याच्या टोकाच्या सत्तरी, काणकोण तालुक्यांतून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ये-जा करणं किती जिवावर येतं हे मी पाहिलं आहे. तरी वाफेची वाट बघत केमोची एकही फेरी चुकवू नका. मनात शंका असेल तर ती आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, फॉरवर्ड पाठवणाऱ्याला नको.

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती : अशी बातमी छापताना प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर, हे मथळ्यातच लिहा. भारतात औषधाच्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावी लागते आणि ती कुणालाही पाहता येते. वाफेच्या केमोसाठी कुणी पैसे मागितले, तर आधी त्या नोंदणीचा क्रमांक मागा.

– एक निवृत्त परिचारिका, फोंडा