नाताळची फेरी पायीच निघावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांतून शहरातील चर्चची रोषणाई आणि केकच्या दुकानांतील गर्दी यांची छायाचित्रे येतात, आणि ती यावीतच. परंतु सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत २५ डिसेंबरपूर्वीचे तीन-चार आठवडे ज्या लहानसहान आनंदात जातात, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. ख्रिस्ती मंडळी या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. आमच्या गावात त्यांची घरे मोजकीच आहेत आणि मी स्वतः ख्रिस्ती नाही, तरीही या दिवसांत सारा गाव कुठे ना कुठे गुंतलेला असतो.

दिवाळीचे आकाशकंदील करणारीच मुले कामट्या तासून, खळ लावून आणि पतंगाचा कागद चिकटवून नाताळचा तारा करतात. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा असा फराळ पुन्हा एकदा होतो आणि तो लाटायला शेजारणी जातात, कारण दिवाळीत त्यांच्याकडे लाटायला तिकडच्या बायका आलेल्या असतात. मुलांच्या ख्रिस्तजन्माच्या नाटिकेतील मेंढपाळांना घोंगडी लागतात, ती धनगरवाड्यातून येतात. देणारे आजोबा घोंगडे खांद्यावर कसे टाकायचे हेही मुलांना दाखवतात आणि मनाजोगते जमल्याशिवाय सोडत नाहीत. गव्हाणीत घालायला उसाचे ताजे वाढे मिळते, कारण कारखान्यांचे गाळप तेव्हा ऐन भरात असते.

मात्र या सगळ्यात खरी गंमत नाताळची गाणी म्हणत रात्री निघणाऱ्या फेरीची असते. ढोलकी, पेटी, झांजा आणि पुढे काठीला बांधलेला तारा एवढ्या सरंजामावर ही मंडळी गावठाणातून वाड्यावस्त्यांवर जातात. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीची पदे अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणावर रचली, त्यामुळे पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील माणसाला ती परकी वाटत नाहीत, आणि हरिपाठाला बसणारे एक-दोघे फेरीतही टाळ धरतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की दारे धरायला गेलेला शेतकरी बॅटरीचा उजेड दाखवून फेरीला बांधावर बोलावतो. आगाप पेरलेली ज्वारी हुरड्यात आलेली असेल तर तेथेच गोवऱ्यांची आगटी पेटते, भाजलेले कणीस हातावर चोळून गरम दाणे एकमेकांच्या ओंजळीत पडतात, शेंगाचटणी आणि गूळ पुढे येतो, आणि पुढचे पद अर्धा तास लांबते. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे थांबल्यावर तर लहान मुले अंथरुणातून उठून येतात.

अलीकडे काही ठिकाणी या फेरीऐवजी टेम्पोवर मोठे स्पीकर चढवून ध्वनिमुद्रित गाणी वाजवत एका संध्याकाळीत सगळे गाव उरकण्याची पद्धत आली आहे. तरुणांच्या उत्साहाबद्दल मला आदरच आहे, शिवाय गणेशोत्सवात आणि वरातीत आम्ही इतरांनीही हेच केले असल्याने त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही. तथापि टेम्पो रस्ता सोडून बांधावर जात नाही, आणि त्या आवाजात दारात उभ्या असलेल्या म्हातारीची विचारपूसही होत नाही. गाणारे गळे गावात असताना यंत्राला गायला लावणे मला तरी पटत नाही.

म्हणून जिल्ह्यातील पाळकांना आणि तरुण संघांना विनंती आहे की, यंदाची फेरी पायीच काढावी आणि इतर समाजांतील तरुणांनी ढोलकी-पेटीच्या साथीला जावे. टेम्पो ठरलेलाच असेल, तर ज्या वयस्कर गायकांना चालवत नाही त्यांना दूरच्या वस्त्यांवर नेण्यासाठी तो वापरावा. जुन्या पदांच्या चाली त्यांनाच पाठ आहेत. आपणही शहराच्या छायाचित्रांसोबत अशा एखाद्या फेरीचा वृत्तांत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर