‘सर्टिफाइड बायर’ हा शिक्काही विकत मिळतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खरेदीत कुणी फसल्याची बातमी आली की शेजारच्या चौकटीत ठरलेले सल्ले छापून येतात. स्टार पाहा, रिव्ह्यू वाचा, लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी ‘व्हेरिफाइड पर्चेस’ किंवा ‘सर्टिफाइड बायर’ अशी खूण आहे का ते बघा. यातल्या शेवटच्या सल्ल्यावर लोकांचा फार भरवसा असतो आणि नेमका तोच कच्चा आहे. त्या खुणेवरून एवढेच कळते की त्या खात्यावरून ती वस्तू मागवली गेली. वस्तूचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले, हे कळत नाही.

खोटा रिव्ह्यू म्हटले की बनावट खात्यांचा कारखाना डोळ्यांसमोर येतो. तोही आहेच. पण पकडायला त्याहून अवघड आहे तो खऱ्या माणसांचा बाजार, म्हणजे टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘रिफंड डील’चे ग्रुप. ग्रुप चालवणाऱ्याला ‘मिडिएटर’ म्हणतात. तो वस्तूचा फोटो, किंमत आणि अट टाकतो. ‘फुल रिफंड’ म्हणजे सगळे पैसे परत, ‘पन्नास लेस’ म्हणजे पन्नास रुपये कापून. ‘रेटिंग डील’मध्ये नुसते स्टार द्यायचे, ‘रिव्ह्यू डील’मध्ये चार ओळी आणि फोटोही. बऱ्याचदा थेट लिंक दिली जात नाही. शोधाच्या चौकटीत ठरावीक शब्द टाका, खाली जात राहा, आधी दुसऱ्या कंपन्यांच्या एक-दोन वस्तू उघडा, मग आमची सापडली की कार्टमध्ये टाकून थोड्या वेळाने मागवा, अशी सूचना असते. गिऱ्हाइकाने शोधून घेतली अशी नोंद होत गेली की वस्तू यादीत वर सरकते. स्टारइतकेच विक्रेत्याला तेही हवे असते.

ऑर्डर दिली की एक गूगल फॉर्म भरायचा: ऑर्डर क्रमांक, स्क्रीनशॉट, खात्यावरचे नाव. वस्तू आल्यावर लगेच लिहायचे नाही, चार-सहा दिवस थांबायचे. रिव्ह्यू झळकला की दुसरा फॉर्म: रिव्ह्यूची लिंक, डिलिव्हरीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा क्यूआर कोड. पैसे मिळतात ते वस्तू परत करण्याची मुदत उलटल्यावर, कारण वस्तू परत करून दोन्हीकडून पैसे घेणारेही निघतात.

घोळ होतो तो इथेच. मुदत उलटते आणि मिडिएटर ग्रुपमधून गायब होतो. कधी विक्रेत्यानेच त्याला बुडवलेले असते. कधी साइटची तपासणी तो रिव्ह्यू काढून टाकते आणि ‘रिव्ह्यू लाइव्ह नाही, रिफंड नाही’ असे उत्तर येते. काही वेळा त्या खात्याचा रिव्ह्यू लिहिण्याचा हक्कच काढून घेतला जातो. तक्रार करायची तर आपणही त्या लबाडीतले भागीदार. शिवाय नाव, मोबाइल, पत्ता, काय खरेदी करता आणि यूपीआय आयडी, एवढी माहिती एका अनोळखी माणसाच्या फॉर्ममध्ये कायमची राहते. एवढे होऊन घरात काय येते? बहुधा नाव न ऐकलेल्या कंपनीची वस्तू. (तसली पॉवर बँक उशाशी ठेवून झोपायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

विक्रेत्याला हे परवडते कसे, असा प्रश्न पडतो. हिशेब सोपा आहे. एखाद्या वस्तूला २०० रेटिंग आहेत आणि सरासरी ४.२ आहे. ती ४.५ वर न्यायला पाच स्टारची १२० रेटिंग लागतात. वस्तू ३०० रुपयांची धरली तर परत द्यायची रक्कम ३६,००० रुपये. पण गिऱ्हाइकाने भरलेले ३०० रुपये कमिशन आणि कुरिअर वजा होऊन साइटकडून विक्रेत्याकडेच येतात. खरा खर्च उरतो तो वस्तूची मूळ किंमत, साइटचा वाटा, कुरिअर आणि मिडिएटरची दलाली एवढाच. त्या बदल्यात वाढलेला विक्रीचा आकडा आणि यादीतली वरची जागा. जाहिरातीपेक्षा हे स्वस्त पडते म्हणून तर हा धंदा टिकून आहे.

मग वाचणाऱ्याने करायचे काय? भाषेवरून खोटेपणा ओळखण्याचे दिवस गेले. पूर्वी ‘व्हेरी नाइस प्रॉडक्ट’ दहा वेळा दिसले की पाल चुकचुकायची; आता एआयकडून हवे तसे, हव्या त्या भाषेत, घरगुती तपशील घालून लिहून घेता येते. भाषा सोडा आणि तारखा पाहा. रिव्ह्यू ‘टॉप’ क्रमाने दिसत असतात, ते ‘सर्वांत नवे आधी’ असे लावून घ्या. महिनाभर दोन-चार आणि मग तीन दिवसांत चाळीस, असा गठ्ठा दिसला तर थांबा. एखादा मोठा सेल आला तरी गठ्ठा येतो, हे खरे. पण सेलच्या गठ्ठ्यात वैतागलेले लोकही असतात, विकत घेतलेल्या गठ्ठ्यात सहसा नसतात. नंतर दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू वाचा. पैसे देऊन कुणी तीन स्टार मागत नाही, आणि सूड उगवणारा एकच देतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात खरी माणसे जास्त भेटतात. ‘दोन महिन्यांनी जारचा रबर सैल झाला, मोटर ठीक आहे’ असे कुणी लिहिले असेल तर ते दहा पाच-स्टारांपेक्षा कामाचे.

जिथे लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे बाकीचे रिव्ह्यू दिसतात तिथे तेही करावे. गूगल मॅप्सवर एकाच माणसाने एकाच दिवशी नाशिकचा दंतवैद्य, इंदूरचा क्लास आणि कोइंबतूरची जिम यांना पाच-पाच स्टार दिलेले दिसले, तर आणखी पुरावा कशाला हवा? खरेदीच्या साइटवर अजून एक चलाखी चालते. जुन्या, चांगल्या खपलेल्या वस्तूच्या पानावर वेगळीच वस्तू ‘नवा प्रकार’ म्हणून जोडायची, म्हणजे जुने स्टार आयते मिळतात. मिक्सरच्या पानावर मोबाइलच्या कव्हरचे कौतुक आढळले तर प्रकार हाच. या चलाखीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीकडून ६ लाख डॉलर वसूल केले.

आणि वीज, गॅस, वाफ यांच्याशी संबंध असलेल्या वस्तूंसाठी रिव्ह्यू हा निकषच नव्हे. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर उडेल की नाही, हे आठवडाभर वापरून कुणालाच सांगता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सक्तीच्या मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल दोन बड्या साइटना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि ते कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. कुकरवर आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, पॉवर बँक आणि चार्जरवर ‘आर-’ आणि पुढे आठ आकडे. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकून पाहायला मिनिटभर लागते.

आता रिव्ह्यूच्या नावाने चालणारी उघड लूट. ‘घरबसल्या काम, हॉटेलांना पाच स्टार द्या आणि कमवा’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पहिल्या दोन-तीन रिव्ह्यूंचे शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात, तेच आमिष. मग टेलिग्राम ग्रुप आणि ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. एका दिखाऊ साइटवर आपली शिल्लक फुगताना दिसते, काढायला गेले की ‘कर’ आणि ‘खाते मोकळे करण्याचे शुल्क’ मागतात. गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये अशा अर्धवेळ कामाच्या फसवणुकीत गुंतलेल्या शंभरावर वेबसाइट बंद करण्यात आल्या. तरी संदेश येतच आहेत. बऱ्याच जणांना कल्पना नसलेली गोष्ट अशी की सुरुवातीला मिळालेले शे-दीडशे रुपये बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पैशांचा माग काढत बँक आपलेही खाते गोठवू शकते. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार नोंदली गेली तरच ते अडवता येतात.

छोट्या व्यावसायिकांची बाजू क्वचितच छापली जाते, म्हणून थोडे सविस्तर. मालवणजवळच्या एखाद्या खाणावळीला गूगल मॅप्सवर वीस रेटिंग आहेत, सरासरी ४.५. स्पर्धकाने किंवा खंडणीखोराने एक-एक स्टारची तीन रेटिंग टाकली की सरासरी ४.०४ होते. मे महिन्याच्या तोंडावर हा फटका जीवघेणा असतो. अशा वेळी घाबरून पैसे देऊ नयेत. दिले की पुढच्या महिन्यात पुन्हा मागणी येते. भाऊबंदांना गोळा करून पाच-पाच स्टार टाकायला लावणे हा तर हमखास अंगाशी येणारा उपाय. एकाच गावातून, एकाच वाय-फायवरून, एका संध्याकाळी आलेली रेटिंग यंत्रणेला खटकतात आणि तिच्या चाळणीत जुनी खरी रेटिंगही अडकू शकतात. त्याऐवजी प्रत्येक रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांतून योग्य कारण निवडून एकेकाची तक्रार करा, आणि ती फेटाळली गेली तर आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून अपील करा. रिव्ह्यूखाली उत्तर द्यावे, पण दोन ओळींचे: ‘या तारखेला आपल्या नावाची नोंद आमच्याकडे नाही, बिल क्रमांक कळवल्यास चौकशी करू.’ वाद घालू नये. ते उत्तर पुढच्या गिऱ्हाइकासाठी असते. पैशांची मागणी आली असेल तर तो संदेश घेऊन पोलिसांत जावे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली ती खंडणी आहे.

गल्ल्यावर क्यूआर कोड ठेवून रिव्ह्यू मागायला काहीच हरकत नाही. ‘पाच स्टार द्या, सोलकढी मोफत’ ही पाटी मात्र गूगलच्या नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकापुढेच कोड सरकवणेही बसत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहिण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे रिव्ह्यूंसाठीचे मानक आणले, पण ते ऐच्छिक. ते सक्तीचे करण्याबाबत मे २०२४ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांशी चर्चाही केली. सक्ती व्हायलाच हवी, पण तेवढ्याने भागणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मानकाचा भर लिहिणारा माणूस खरा आहे का हे तपासण्यावर आहे: ईमेल, मोबाइल, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), कॅप्चा (समोर यंत्र नाही, माणूस आहे याची चाचणी). रिफंड डीलमधल्या माणसाचे हे सगळे खरेच असते! आणि २०२० च्या नियमात विक्रेत्याचा उल्लेख आहे, मिडिएटरचा नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणे आणि विकत घेणे, दोन्हींना थेट मनाई आहे. नियम लागू झाला तेव्हा प्रत्येक उल्लंघनाला कमाल दंड ५१,७४४ डॉलर होता. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून तसाच कायदा असून दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जातो. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला गूगलने जानेवारी २०२५ मध्ये हमी दिली की खोट्या रिव्ह्यूंनी स्टार वाढवणाऱ्या व्यवसायांच्या पानावर ग्राहकांना दिसेल असा इशारा लावला जाईल. आपल्याकडे असा इशारा खरेदीच्या साइटवरही नियमानेच बंधनकारक करावा. सरासरीशेजारी ‘गेल्या ९० दिवसांत इतके रिव्ह्यू काढून टाकले’ हा आकडा दाखवायला लावावा; साइटकडे तो असतोच. आणि मिडिएटरचे नाव नियमात घालावे.

तोवर ग्राहकाला एक वाट मोकळी आहे. प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तक्रारीत ‘रिव्ह्यू खोटे वाटतात’ एवढेच लिहिले तर ठरावीक साच्यातले उत्तर येते. वस्तूची लिंक, गठ्ठ्याच्या तारखा, एकसारखे फोटो असलेल्या रिव्ह्यूंच्या लिंक आणि डीलचा संदेश हाती लागला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडावा. महिना उलटूनही दाद लागली नाही तर तीच कागदपत्रे घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

— ग्राहक मार्गदर्शन करणारे काही कार्यकर्ते, पुणे