यील्डने गुणून पगार निघत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या अर्थ पुरवणीत जास्त डिव्हिडंड यील्डवाल्या शेअर्सचं टेबल आलं होतं (डिव्हिडंड म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे, आणि शेअरच्या भावाच्या किती टक्के ते मिळतात ती यील्ड) आणि खाली लिहिलं होतं की एवढे पैसे गुंतवले की वर्षाला एवढं उत्पन्न हमखास. टेबलाबद्दल तक्रार नाही, पण तो ‘हमखास’ वाचला आणि राहवेना, कारण तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो तेव्हा मी अगदी हेच गणित मांडून तोंडावर आपटलोय.

माझं गणित सोपं होतं, एकूण गुंतवणूक गुणिले यील्ड, भागिले बारा, झाला महिन्याचा पगार. आकडा वहीत लिहिला आणि घरातही सांगून मोकळा झालो (ही दुसरी चूक). वर्ष संपल्यावर बघतो तर खात्यात आलं होतं त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. कुणी फसवलं वगैरे नव्हतं हो, मलाच यील्ड वाचता येत नव्हती.

यील्ड म्हणजे काय, तर गेल्या बारा महिन्यांत कंपनीने दर शेअरमागे दिलेला डिव्हिडंड भागिले आजचा भाव. म्हणजे वरचा आकडा मागचा, खालचा आजचा, आणि आपण त्यातून काढतोय पुढच्या वर्षाचं उत्पन्न! समजा भाव २०० आणि डिव्हिडंड ८, यील्ड ४ टक्के. काहीतरी बिनसलं म्हणून भाव १०० वर आला की यील्ड दिसते ८ टक्के, कंपनीने एक पैसा वाढवून दिलेला नसताना. मग सहा महिन्यांनी कंपनी डिव्हिडंड ८ वरून ४ करते, टेबलात यील्ड परत ४ टक्के, सगळं नॉर्मल दिसतं, पण ज्याने २०० ला घेतलाय त्याच्या पदरात २ टक्केच, आणि ८ टक्के बघून ज्याने १०० ला घेतला त्यालाही निम्मेच, ४. माझ्या यादीतल्या दोन शेअर्सचं असंच झालं, यील्ड जास्त दिसली म्हणूनच तर मी घेतले होते आणि ती जास्त का दिसतेय हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या शेअरची गंमत वेगळी. त्या कंपनीने एक धंदा विकून आलेले पैसे स्पेशल डिव्हिडंड म्हणून एकदाच वाटले होते आणि ॲपवर ते यील्डमध्ये धरलेले. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये दर शेअरमागे ३ डॉलर स्पेशल डिव्हिडंड दिला, तेव्हा तिचा नेहमीचा डिव्हिडंड तिमाहीला ८ सेंट होता. आता ते ३ डॉलर धरून कुणी पुढच्या वर्षीचं बजेट केलं असतं तर काय झालं असतं सांगा. दिवाळखोर कंपनीचंच असं होतं असं नाही एवढंच म्हणायचंय.

बरं, मोठ्या जुन्या कंपन्या घ्या म्हणजे प्रश्न मिटला असं लोक सांगतात. शेल या तेल कंपनीने २०२० मध्ये तिमाही डिव्हिडंड ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच कपात. थ्रीएम ही अमेरिकन कंपनी साठहून जास्त वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवत होती, २०२४ मध्ये तिनेही कापला. डिव्हिडंड म्हणजे बँकेचं व्याज नव्हे, संचालक मंडळाने ठरवला तर मिळतो, नाही ठरवला तर कुणाकडे दाद मागता येत नाही.

आता मी यील्डकडे बघतच नाही, शेअर्स मोजतो. माझ्याकडे अमुक कंपनीचे किती शेअर्स, गुणिले दर शेअरमागचा नेहमीचा डिव्हिडंड, स्पेशल असेल तो सोडून. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर्स) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर्स) झाला असेल तर जुना आकडा त्या हिशोबाने बदलून घ्यायचा, नाहीतर उत्पन्न डायरेक्ट दुप्पट दिसतं. कुठे डिव्हिडंड टक्क्यांत जाहीर झाला असेल तर तो टक्का फेस व्हॅल्यूवरचा, म्हणजे शेअरच्या मूळ दर्शनी किमतीवरचा असतो, भावावरचा नाही, ३०० टक्के ऐकून हुरळून जायचं नाही. या पद्धतीत एक सुख आहे, बाजार २० टक्के पडला तरी वहीतला आकडा हलत नाही कारण शेअर्स तेवढेच आहेत. पूर्वी बाजार पडला की मला वाटायचं माझा पगार कापला.

त्यानंतर प्रत्येक कंपनीपुढे मी शेरा लिहितो, आणि खरी मेहनत इथेच आहे. पाच-सात वर्षांचे डिव्हिडंड बघायचे, मंदीच्या वर्षात काय केलं ते खास बघायचं. मग पेआउट, म्हणजे नफ्यातला किती भाग वाटून टाकतात. शेअरमागे १० कमावून ४ वाटणारी कंपनी नफा जरा घटला तरी देत राहील, १० कमावून ९ वाटणारीचा नफा ८ झाला की ती एकतर साठवणीतून देणार, कर्ज काढून देणार नाहीतर कापणार. नफा कागदावरचा आहे की रोख येतेय तेही बघावं लागतं, डिव्हिडंड शेवटी रोखीतूनच जातो. धातू, तेल असल्या चढउतारवाल्या धंद्यांचा मी तेजीतला डिव्हिडंड धरतच नाही, बऱ्या-वाईट वर्षांची सरासरी घेतो आणि ज्याच्यावर फार भरवसा नाही त्याचा अर्धाच लिहितो. टॅक्स वजा करून मग बेरीज.

आणि भागिले बारा तर करूच नका. डिव्हिडंड कुणी वर्षातून एकदा देतं, कुणी तिमाहीला, त्यामुळे काही महिने खातं कोरडंच असतं. एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी शेअर घेऊन डिव्हिडंड पदरात पाडायची आयडिया पण मी करून बघितलीय, दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानेच खाली उघडतो, वर टॅक्स आपला.

गेल्या वर्षी या पद्धतीने काढलेला आकडा आणि खात्यात आलेला आकडा यात पाचेक टक्क्यांचा फरक पडला, तोही चांगल्या बाजूला. घरात या वेळी आधी सांगितलं नव्हतं.

तर साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी टेबल छापाल तेव्हा यील्ड स्पेशल डिव्हिडंड वगळून द्या आणि शेजारी पेआउटचा एक रकाना टाका. जागा कमी पडत असेल तर कंपन्यांचे लोगो काढले तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक