शिसे ओतण्याचा छंद आणि घरातील मुले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत नेमबाजीचे अनेक शौकीन काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतात आणि त्यासाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या घरीच साच्यात ओततात. या छंदाकडे वळू पाहणाऱ्या येथील मराठी मंडळींसाठी हे पत्र लिहीत आहे.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही. खरा धोका वर साचणाऱ्या मळीच्या राखाडी भुकटीत आहे, कारण ती हातांवरून, कपड्यांवरून आणि बुटांच्या तळव्यांवरून घरात येते व रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही, म्हणून स्वयंपाकघरातील शेगडी आणि भांडी या कामाला कदापि वापरू नयेत. भट्टी मोकळ्या हवेत असावी, कपडे वेगळे धुवावेत, सांडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी आणि मोठ्यांनीही रक्तातील शिशाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब बुडाला तरी ते स्फोटासारखे उसळते, त्यामुळे चेहरा पूर्ण झाकणे अत्यावश्यक आहे.

भारतात मात्र परवान्याविना दारूगोळा बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे आणि त्या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा सुटीत गावी जाताना हे साचे सामानात मुळीच नेऊ नयेत.

आपला नम्र,
एक वाचक, टेक्सास