टेबल मागितले, बदली मिळाली: दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातील एका कार्यालयात मी लिपिक आहे. अपघातात उजवा पाय गुडघ्याखालून गेला आणि कुबडी घेऊन पुन्हा रुजू झालो, तेव्हा माझे टेबल वरच्या मजल्यावरच होते. जिना अठरा पायऱ्यांचा आणि कठडा नाही. टेबल खाली द्यावे, एवढीच तक्रार मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी केली. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी होती. मला मिळाला तो आवक क्रमांक, आणि पस्तिसाव्या दिवशी ‘प्रशासकीय सोयीसाठी’ बदलीचा आदेश, तोही दिवसातून एकदाच एसटी जाणाऱ्या गावी. पाठोपाठ उशिराबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आणि गोपनीय अहवालात ‘सहकार्याची वृत्ती नाही’ असा शेरा पडला. आमचा शिपाई म्हणाला, “भाऊ, टेबल मांगतलं अन् गाव भेटलं.”

वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे अधिनियमाची व्याख्या सांगते, त्यामुळे टेबलापुरता कायदा माझ्या बाजूने आहे. तक्रार केली म्हणून उगवलेल्या सूडाबद्दल मात्र त्यात स्पष्ट कलम नाही. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात कलम 27 त्यासाठीच आहे, आणि मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी ती प्रामाणिक असल्यास त्याचे संरक्षण टिकते. आपल्याकडे बदली, नोटीस आणि शेरा हे तीन सुटे कागद ठरतात. त्यांच्या तारखा तक्रारीच्या तारखेशेजारी मांडून पाहण्यास कोणीही बांधील नसतो.

दाद मागायची तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ नागपुरात आणि दिव्यांग आयुक्त पुण्यात. (जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला तर हे न्यायाधिकरणही नाही.) तेथे पोहोचून, वकील लावून, सूड होता हे सिद्ध करण्याचा भार पुन्हा तक्रारदारावरच.

म्हणून विनंती अशी की, तक्रारीनंतर वर्षभरात तक्रारदाराविरुद्ध काही आदेश काढायचा असल्यास त्याचा तक्रारीशी संबंध नाही हे अधिकाऱ्याने आधी लेखी कारणांसह दाखवावे, वरिष्ठांनी ते तपासेपर्यंत आदेश अमलात येऊ नये, आणि ही कारणे न्यायाधिकरणापुढे ठेवणे बंधनकारक असावे, असा शासन निर्णय आपण काढावा.

अर्जाची शिक्का असलेली प्रत आणि बदलीचा आदेश आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. नाव त्यांवर आहे. येथे का नाही, हे वरील मजकुरावरून ध्यानात यावे.

आपला नम्र,
एक दिव्यांग कर्मचारी